घड्याळाच्या हिशेबाने जेवू नका

"मॅडम, रोज चारशे जातायत. मग वजन का हलत नाही?"

पुण्यात आहारसल्ल्याचं काम करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की, समोरच्या माणसाने मोबाइल टेबलावर ठेवून माझ्याकडे सरकवला की पुढचं वाक्य मला आधीच कळतं. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका बाईंची मात्र अजून चुटपुट लागून आहे. वय ५३, वजन ६८ किलो, बँकेत नोकरी. रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर तासभर चालायच्या, एक दिवस चुकवायच्या नाहीत. मनगटावर मुलाने वाढदिवसाला दिलेलं घड्याळ आणि पिशवीत दोनशे पानी वही. वहीत पट्टीने आखलेले रकाने. डावीकडे घड्याळाने दाखवलेल्या जळलेल्या कॅलरी, उजवीकडे खाल्लेल्या, शेवटी लाल शाईत वजाबाकी. एका शनिवारी डावीकडे ४१२ होते. उजवीकडे लिहिलं होतं, "वडापाव ३००", आणि लाल शाईत "शिल्लक ११२".

असे तीन महिने. त्या तीन महिन्यांत वजन दीड किलोने वाढलं होतं. थायरॉइडची तपासणी करून झाली होती, त्यात काही निघालं नव्हतं. "माझा हिशेब चुकलेला नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं कॅश सांभाळलीय. माझं शरीरच खोटं बोलतंय."

शरीर खोटं बोलत नव्हतं. डावा रकाना खोटा होता. ६८ किलोच्या माणसाने ताशी पाच किलोमीटरच्या चालीने तासभर चालायचं म्हटलं, तर उदार अंदाजानेही २४०च्या आसपास कॅलरी खर्च होतात. त्यातल्या सत्तरेक तर त्या घरी खुर्चीत बसून पेपर वाचत असत्या तरी झाल्याच असत्या. म्हणजे चालण्यामुळे झालेला जादा खर्च १७० धरा. समोर ३००चा वडापाव. लाल शाईतली शिल्लक प्रत्यक्षात तूट होती, आणि ती अंगावर चढत होती.

एका बाईचा हिशेब चुकला म्हणून मी हा लेख लिहीत नाही. ज्या समजुतीवर तिने हिशेब मांडला ती आता शहाण्यासुरत्या, शिकलेल्या माणसांच्या डोक्यात पक्की बसली आहे, म्हणून लिहिते आहे. ती समजूत अशी: घड्याळ कॅलरी मोजतं. ते नाडी मोजतं, पावलं मोजतं, झोप मोजतं, तशी कॅलरीही मोजतं. यंत्राला काही स्वार्थ नसतो. थोडंफार इकडेतिकडे होत असेल, पण माणसाच्या अंदाजापेक्षा यंत्राचा आकडा केव्हाही बरा. आणि समजा चूक असलीच, तरी ती रोज सारखीच असणार, त्यामुळे आजचा आणि कालचा आकडा ताडून पाहायला काय हरकत आहे? जिममधला ट्रेनर हेच सांगतो, कचेरीतल्या चालण्याच्या स्पर्धेत हेच गृहीत धरलेलं असतं, आणि आता तर डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसलेली माणसंही एकमेकांना मनगट दाखवून हेच बोलतात.

यातलं कॅलरीबद्दलचं एकही विधान तपासणीला टिकत नाही.

सुरुवात "मोजतं" या शब्दापासूनच करते. माणसाचं शरीर किती ऊर्जा खर्च करतं हे मोजायच्या पद्धती आहेत, आणि त्या सव्वाशे वर्षांत फार कष्टाने उभ्या राहिल्या आहेत. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर अॅटवॉटर यांनी १८९०च्या दशकात एक बंदिस्त खोली बांधली. माणूस आत राहायचा, खायचा, झोपायचा, आणि त्याच्या अंगातून बाहेर पडणारी उष्णता अन् त्याचा श्वास यांचा बाहेर हिशेब ठेवला जायचा. दुसरी पद्धत म्हणजे तोंडावर मास्क किंवा डोक्यावर पारदर्शक टोप बसवायचा आणि आत किती प्राणवायू गेला, बाहेर किती कार्बन डायऑक्साइड आला ते मोजायचं. शरीरात अन्न जळतं ते प्राणवायूच्या जोरावर, म्हणून श्वासाच्या हिशेबातून खर्चाचा हिशेब लागतो.

तिसरी पद्धत सर्वांत देखणी. नेथन लिफसन यांनी मिनेसोटा विद्यापीठात ती प्राण्यांवर वापरली आणि १९८२ साली डेल शोलर यांनी माणसांवर. माणसाला एक खास पाणी प्यायला देतात. त्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड आणि प्राणवायूही नेहमीपेक्षा जड. मग त्याला घरी जाऊ देतात. तो कामाला जातो, भांडतो, झोपतो, लग्नाची जेवणं जेवतो. एकदोन आठवडे त्याची लघवी तपासतात. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्याच्या रूपाने बाहेर पडतो. जड प्राणवायू पाण्यातूनही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही. दोन्ही किती वेगाने कमी झाले यातला फरक काढला की माणसाने किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते कळतं, आणि त्यावरून किती ऊर्जा खर्च केली तेही. रोजच्या जगण्यातला खर्च मोजण्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ हीच कसोटी मानतात. ती महाग आहे, तिला प्रयोगशाळा लागते, आणि ती एका दिवसाचा किंवा एका फेरीचा आकडा देत नाही.

आता मनगटाकडे बघा. घड्याळाच्या पोटाला हिरवा दिवा असतो. तो कातडीवर उजेड पाडतो, परत येणारा उजेड रक्ताच्या लाटेबरोबर कमीजास्त होतो, त्यावरून नाडी कळते. आत हालचाल टिपणारी एक बारीक चिप असते, ती मनगट कधी आणि किती हललं ते सांगते. आणि तुम्ही पहिल्या दिवशी भरलेल्या चार गोष्टी त्याच्याकडे असतात: वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष. काही घड्याळांत उंचीचा चढउतार कळतो, काहींत कातडीचं तापमान. एवढंच. श्वासाशी त्याचा काही संबंध नाही. प्राणवायू किती घेतला, कार्बन डायऑक्साइड किती सोडला, यातलं काहीही त्याला कळत नाही. मग ते कॅलरी मोजतं हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? ते मनगटाची हालचाल आणि नाडी घेतं, एका सूत्रात घालतं आणि उत्तर पडद्यावर टाकतं. ते सूत्र बहुतेक कंपन्यांचं व्यापारी गुपित असतं. याला मराठीत अंदाज म्हणतात. वजनकाट्यावरचा आकडा आणि हा आकडा एकाच जातीचे नाहीत, पण पडद्यावर दोन्ही सारख्याच ठामपणे उमटतात. ४१२. अंदाजे चारशे नाही, तीनशे ते पाचशेच्या मध्ये कुठेतरी असंही नाही. एकक स्थानापर्यंत नेमका! या नेमकेपणाचा मला सर्वांत जास्त राग आहे, कारण ज्या आकड्याची शेकड्याची जागाही पक्की नाही त्याचं एकक स्थान छापणं ही फसवणूक आहे.

हे मी माझ्या स्वयंपाकघरात स्वतः पाहिलं आहे. एका रविवारी घरात पाहुणे होते. उजव्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधून मी पोळ्या लाटायला उभी राहिले. पोळपाटावर लाटणं फिरलं की मनगट पुढेमागे होतं, आणि पट्ट्याला तेच चालणं वाटतं. ओट्यापुढून न हलता, वीसेक पोळ्या होईपर्यंत मी त्याच्या लेखी कितीतरी पावलं चालले होते. त्याच संध्याकाळी मंडईतून येताना दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. बटाटे, कांदे, एक लाल भोपळा. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती, म्हणून तीन जिने चढले. पिशवी धरलेला हात ताठ आणि स्थिर असतो. सबंध दिवसातलं सर्वांत जड काम मी तेव्हा केलं, आणि पट्ट्याने त्याची जेमतेम दखल घेतली. सुपरमार्केटातली ढकलगाडी ढकलताना, बाबागाडी ढकलताना, डोक्यावरचा हंडा एका हाताने धरून चालताना हेच होतं. टाळ वाजवणाऱ्याला आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकी हाकणाऱ्याला मात्र फुकटची पावलं मिळतात. मनगट हलणं म्हणजे शरीराने कष्ट करणं, असं कोणत्या शरीरशास्त्रात लिहिलं आहे?

"पण नव्या घड्याळात नाडी आहे ना, ती तर खरी असते!" नाडी बरीचशी खरी असते, हे मला मान्य आहे. पण नाडी म्हणजे कॅलरी नव्हे. एका माणसाच्या बाबतीत, मध्यम व्यायामाच्या मर्यादेत, नाडी आणि प्राणवायूचा वापर बऱ्यापैकी हातात हात घालून वाढतात. तो संबंध प्रत्येक माणसाचा वेगळा असतो आणि तो प्रयोगशाळेत त्या त्या माणसावर मोजून घ्यावा लागतो. घड्याळाने तुमचा तो कधी मोजला? त्या मर्यादेबाहेर तर नाडी हजार कारणांनी वाढते. कडक चहा, मे महिन्याचं ऊन, मुलाच्या निकालाची धास्ती, अंगात कमी झालेलं पाणी. पाळी जाण्याच्या वयात अंगातून एकदम गरम वाफ येते तेव्हा बाईची नाडी उडते. त्यातलं फारसं काहीच चरबी जाळत नाही. आणि उलट बाजू बघा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर जातीची गोळी घेणारे किती जण आपल्या आसपास आहेत! ती गोळी नाडी फारशी वाढू देत नाही. सिंहगड धापा टाकत चढलेल्या अशा माणसाला घड्याळ सांगतं की तू फार काही केलं नाहीस.

सूत्राच्या मुळाशी गेलं की आणखी मोठी अडचण निघते, आणि ती आपली, इथली आहे. व्यायामाच्या हिशेबात मेट नावाचं एकक सर्रास वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे एक मेट, चालणं म्हणजे तीन-साडेतीन, धावणं म्हणजे आठ-दहा. एक मेट म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला साडेतीन मिलिलिटर प्राणवायू. हा आकडा आला कुठून? चाळिशीच्या, ७० किलो वजनाच्या एका पुरुषावरून. २००५ साली बर्न आणि सहकाऱ्यांनी ७६९ माणसांवर तो तपासला तेव्हा सरासरी २.६ निघाली. बसल्या जागीच हिशेब एवढा फुगलेला, आणि त्याला तीनाने, आठाने, दहाने गुणून आपण व्यायामाचा खर्च काढतो.

विश्रांतीतला खर्च काढायची जगात सर्वांत जास्त वापरली गेलेली समीकरणंही अशीच. स्कोफिल्ड यांच्या १९८५च्या समीकरणांसाठी जी माहिती गोळा केली होती, तिच्यात जवळजवळ निम्मी माणसं इटालियन होती. भारतीयांना ही समीकरणं लावली की खर्च जास्त निघतो, हे आपल्याकडच्या शास्त्रज्ञांना केव्हाच कळलं होतं. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने आहाराचे मापदंड ठरवताना ते आकडे पाच टक्क्यांनी खाली आणून वापरले. सरकारी समितीला जे कळलं ते तुमच्या मनगटावरच्या वस्तूला सांगितलं गेलं आहे का? तिने तुम्हाला तुमचं वय विचारलं, उंची विचारली. तुमच्या अंगात स्नायू किती आणि चरबी किती, हे विचारलं?

आणि तोच तर सगळा प्रश्न आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला जोडफोटो मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. दोघे शास्त्रज्ञ शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार, हे भारतीय शरीराचं रूप डॉ. याज्ञिकांनी आयुष्य खर्चून जगापुढे मांडलं. विश्रांतीत ऊर्जा खर्च करतात ते मुख्यतः स्नायू आणि आतले अवयव. चरबी त्यामानाने फार कमी जाळते. उंची आणि वजन एवढ्यावरच माणूस ओळखणाऱ्या यंत्राला हा फरक कसा दिसणार? जो अंदाज जगाच्या दुसऱ्या टोकाच्या शरीरांवरून बांधला तो आपल्या अंगावर सैलच बसणार.

आता प्रत्यक्ष तपासणी. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली ६० जणांच्या मनगटांवर सात वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं बांधली. त्यांना चालायला, धावायला, सायकल मारायला लावलं आणि शेजारी श्वासाचं मोजमाप ठेवलं. नाडीच्या बाबतीत सातातल्या सहा यंत्रांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत सातही नापास. सर्वांत चांगल्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के, सर्वांत वाईटाची ९३ टक्के. नाडी बरोबर असूनही कॅलरी इतकी चुकते, याचा अर्थ रोग दिव्यात नाही, सूत्रात आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. जाड माणसांच्या आणि सावळ्या-काळ्या कातडीच्या माणसांच्या बाबतीत यंत्रांची चूक जास्त होती. वजन उतरवायला घड्याळ कोण घेतं? जाड माणूस. आपली कातडी कोणत्या रंगाची असते?

यावर ताबडतोब उत्तर येतं की ती जुनी घड्याळं होती, आता तंत्रज्ञान पुढे गेलं आहे. दिवे पुढे गेले, चिप पुढे गेली, पडदा सुंदर झाला. पण श्वास मोजायची सोय मनगटावर आली का? नाही आली. मग नवं घड्याळ जुन्यापेक्षा जास्त चांगला अंदाज करत असेलही, तरी तो अंदाजच. आणि तो सुधारला हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, हजारो रुपये मोजून विकत घेणाऱ्याची नाही.

आता त्या मुद्द्याकडे वळते ज्याच्यापुढे पुष्कळ सुशिक्षित माणसं निर्धास्त होतात. "चूक असू दे, पण ती रोज सारखीच. कालच्यापेक्षा आज जास्त दाखवलं म्हणजे आज जास्त जळल्या, एवढं तर खरं?" हे खरं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. ज्या काट्यात कायम दोन किलो जास्त दिसतात त्या काट्यावर व्यवहार करता येतो, फक्त दोन वजा करायचे. पण ज्या काट्यात बटाट्याला दोन किलो जास्त, कांद्याला एक कमी आणि पाऊस पडला की तिसरंच काही दिसतं, त्या काट्यावर तुम्ही भाजी घ्याल का? घड्याळाची चूक अशी दुसऱ्या प्रकारची आहे. ती चालताना वेगळी, सायकलवर वेगळी, बसून काम करताना वेगळी. जपानमध्ये २०१६ साली १९ जणांवर बारा यंत्रं तपासली, काही वेळ बंदिस्त खोलीत आणि मग घरी, त्या जड पाण्याच्या कसोटीवर. घरच्या रोजच्या जगण्यात त्यातल्या बऱ्याच यंत्रांनी खर्च कमी दाखवला. म्हणजे टेकडीवर जास्त आणि घरात कमी, अशी उलटसुलट चूकही होऊ शकते. पट्टा एक भोक सैल झाला, घाम आला, मनगटावर गोंदण असलं, थंडीने हात गार पडले, तरी नाडीच्या नोंदीत फरक पडतो. कंपनीने रातोरात नवी प्रणाली पाठवली की सूत्र बदलू शकतं. तुम्ही काल जसे चाललात तसेच आज चालता आणि आकडा वेगळा येतो.

मी एकदा दोन कंपन्यांचे पट्टे दोन मनगटांवर बांधून तळजाईला फेरी मारली. तीच वाट, तीच मी, तोच तास. खाली उतरले तेव्हा डावीकडच्याने २१८ आणि उजवीकडच्याने ३४६ दाखवले. कोणता वहीत लिहू? माझ्या त्या बँकेतल्या बाईंच्या मुलाने दुसऱ्या कंपनीचं घड्याळ आणलं असतं, तर त्यांनी तो वडापाव खाल्लाच नसता कदाचित.

त्यात एकच शब्द दोन अर्थांनी वापरायचा घोळ. काही यंत्रं तुमचा झोपेतला, श्वास घेण्याचा, जिवंत राहण्याचा खर्चही मिळवून दिवसाची बेरीज दाखवतात, त्यामुळे रात्री बारापासूनच आकडा चढायला लागतो. काही फक्त हालचालीचा खर्च वेगळा दाखवतात. पुष्कळ लोकांना हा फरक कुणी कधी सांगितलेला नसतो. जगण्यासाठी लागणारा खर्च आहाराच्या तक्त्यात एकदा धरलेला असतो. तोच पुन्हा व्यायामाची कमाई म्हणून धरला की एकच रुपया दोनदा जमा होतो. कोणत्या बँकेत हे खपेल?

शेवटी उरतो तो उत्साहाचा मुद्दा. "आकडा खोटा असेना, माणूस हलतो तरी!" हलण्यासाठी पावलांचा आकडा पुरेसा आहे. तोही काही दैवी नाही. दहा हजार पावलांचं लक्ष्य १९६५च्या सुमारास एका जपानी कंपनीच्या पाऊलमापकाच्या नावावरून आलं. पण पावलं मोजून कुणी वडापाव कमावत नाही. कॅलरीचा आकडा मात्र कमावल्याची भावना देतो, आणि कमावलं की माणूस खर्च करतो. पिट्सबर्ग विद्यापीठाने ४७१ तरुणांवर दोन वर्षं चाचणी घेतली. सगळ्यांना आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन होतं, आणि निम्म्यांना सहा महिन्यांनी दंडावर बांधायचं यंत्रही दिलं. २०१६ साली निकाल आला. यंत्र नसलेल्यांचं वजन सरासरी ५.९ किलोने उतरलं होतं, यंत्रवाल्यांचं ३.५ किलोने. यंत्र बांधलं की वजन अधिक उतरतं, हा दावा इथे टिकत नाही.

आणि समजा, उद्या मनगटावर अगदी अचूक मोजणारं यंत्र आलं. तरी वहीतली ती वजाबाकी चालेल का? शरीर म्हणजे गल्ला नाही. मेयो क्लिनिकच्या जेम्स लिव्हाइन यांनी १९९९ साली सोळा जणांना आठ आठवडे गरजेपेक्षा रोज हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. सगळ्यांना जादा सारखंच. कुणाच्या अंगावर अवघी ०.३६ किलो चरबी चढली, कुणाच्या अंगावर ४.२३ किलो. फरक मुख्यतः होता तो नकळत होणाऱ्या हालचालींचा: उठणं, चुळबुळ, उभं राहणं. टांझानियातले काही हदझा लोक आजही शिकार करून आणि कंदमुळं खणून जगतात, रोज मैलोन्‌मैल चालतात. हर्मन पाँट्झर यांनी २०१२ साली त्यांचा खर्च त्या जड पाण्याने मोजला, तेव्हा शरीराच्या आकारमानाच्या हिशेबात तो शहरात बसून काम करणाऱ्या अमेरिकी माणसाएवढाच निघाला. एका बाजूला खर्च वाढला की शरीर दुसऱ्या बाजूला हात आखडतं, असं यावरून दिसतं. चालण्याने हृदय सुधारतं, साखर ताब्यात राहते, झोप लागते, गुडघ्यांना आधार मिळतो, मन ताळ्यावर येतं. हे सगळं पदरात पडत असताना चालण्याची किंमत आपण वडापावात का मोजायची?

मला चीड येते ती या सगळ्याच्या परिणामाची. चुकीचा आकडा पडद्यावर राहतो आणि दोष माणसाच्या अंगावर येतो. माझ्यासमोर बसलेल्या त्या बाईंनी तीन महिने पहाटे उठून टेकडीवर पायपीट केली आणि निष्कर्ष काय काढला, तर माझं शरीर खोटं बोलतं. प्रामाणिक माणसाचा स्वतःच्या शरीरावरचा विश्वास उडवणारी वस्तू आरोग्याची वस्तू म्हणून कशी विकली जाते? किराणा दुकानातल्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, पेट्रोल पंपावरचं माप तपासलं जातं, पण ज्या आकड्यावर माणूस आपलं ताट ठरवतो त्याला कसलीच मोहोर लागत नाही. "हा केवळ अंदाज आहे, वैद्यकीय उपयोगासाठी नाही," हे वाक्य बारीक अक्षरांत कुठेतरी आत दडवलेलं असतं. ते आकड्याच्या शेजारी, आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत का नाही? ४१२च्या जागी "३०० ते ५२०" असं दाखवायला कोणतं तंत्रज्ञान आड येतं?

कंपन्यांनी हे करावं, ही माझी मागणी आहे. ट्रेनर आणि डॉक्टर मंडळींनी घड्याळातल्या कॅलरीवरून कुणाला एक पोळी वाढवून किंवा कमी करून देऊ नये, ही विनंती. आणि वाचणाऱ्याला एवढंच सांगते: घड्याळ काढून टाकू नका, पण त्यातला कॅलरीचा चौकोन पडद्यावरून काढून टाका. बहुतेक यंत्रांत ते दोन मिनिटांचं काम आहे. पावलं बघायची तर बघा, नाडी बघा. महिन्यातून दोनदा सकाळी त्याच काट्यावर उभे राहा, कमरेला टेप लावा, आणि त्या दोन आकड्यांवर भरवसा ठेवा. त्या बाईंनी वहीतला डावा रकाना खोडला आणि शनिवारचा वडापाव महिन्यातून एकदावर आणला. चालणं तेवढंच ठेवलं. दिवाळीपर्यंत कंबर तीन सेंटिमीटरने उतरली होती.